वर्षाची बेगमी: मोठ्या घरासाठी पिकवणं, वाळवणं, साठवणं

घरात बारा माणसं जेवत असतील तर पहिली कुदळ मारण्याआधी एक वही काढा. परसात काय लावायचं, उन्हाळ्यात काय वाळवायचं आणि कोठीत किती भरायचं, या तिन्हींचं उत्तर आपल्या घरच्या ताटात असतं. कृषी केंद्रात दिसेल ते बियाणं आणून पेरलं, की ऑगस्टमध्ये दोडके गावभर वाटत बसावं लागतं आणि मे महिन्यात कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजार गाठावा लागतो. वर्षाची बेगमी ताटापासून उलट मोजत रानापर्यंत न्यायची असते. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आमचं घर सातारा जिल्ह्यातलं. सासू-सासरे, तीन भाऊ, तिघी जावा आणि चार मुलं. कोकणात भात आणि मासळी वाढेल, खानदेशात कळण्याची भाकरी, विदर्भात तूर. आकडे तुमच्या घराप्रमाणे बदला, मोजायची रीत तीच ठेवा.

आधी ताटाचा हिशेब

एक महिना रोज काय आणि किती शिजलं ते लिहा. साधारण अंदाज असा निघतो: माणशी रोज ३५० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ-कडधान्य, २५० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम कांदा. बारा जणांचं वर्षाचं गणित केलं तर १५ क्विंटल धान्य, अडीच क्विंटलच्या वर कडधान्य, ११ क्विंटल भाजी आणि सव्वाचार-साडेचार क्विंटल कांदा होतो. मुलं लहान असतात, कोणी ना कोणी परगावी असतं, म्हणून आम्हाला धान्य १३ क्विंटल पुरतं: सहा ज्वारी, चार गहू, तीन तांदूळ.

आता जमीन. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर. नीट खत-पाणी मिळालेल्या एका गुंठ्यात भाजीच्या एका पिकातून १०० ते १५० किलो माल निघतो आणि वर्षात तीन पिकं घेता येतात. म्हणजे गुंठ्याला वर्षाकाठी ३०० ते ४५० किलो. बारा माणसांच्या भाजीला तीन गुंठे लागतात ते असे. कांद्याला दोन गुंठे वेगळे. धान्य-कडधान्याला रान असेल तर उत्तम. नसेल तर सुगीत शेजारच्या शेतकऱ्याकडून खळ्यावरचा माल घ्यावा. तो घरी आणून आपण वाळवला आणि भरला, तरी बेगमीचं निम्मं काम साधतं.

पाणी आणि माती

एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०० लिटर. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे. हिवाळ्यात भाजीला दिवसाला चार मिलिमीटरच्या आसपास लागतं, एप्रिल-मेमध्ये सहा-सात. तीन गुंठ्यांना भर उन्हाळ्यात रोज दोन हजार लिटर लागणार. तेवढं नसेल तर उन्हाळी लागवड एका गुंठ्यावर आणा आणि उरलेलं रान नांगरून तापू द्या. अर्धपोटी पाण्यावर तीन गुंठे ठेवण्यापेक्षा एक गुंठा पोटभर पाण्यावर ठेवलेला जास्त देतो. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी केळी आणि अळूकडे वळवा. ठिबक टाकता आलं तर टाकाच, तण निम्म्याने कमी होतं.

खताला चांगलं कुजलेलं शेणखत, दरवर्षी पावसाआधी. जीवामृत करायचं असेल तर नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांचं एकराचं माप असं आहे: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळायचं, दोन दिवसांनी वापरायचं. पाच गुंठ्यांना याच्या आठव्या हिश्शाने पुरतं. किडीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून १०० लिटर करायचा, थोडा साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारायचा. जूनमध्ये झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या मुलांकडून गोळा करून वाळवून ठेवा. विकत घ्यायची वेळ येत नाही.

काय, कधी, किती

मोठ्या घराची अडचण पालेभाजीत लक्षात येते. तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब वाफ्यातून मेथी निघते अडीच किलोच्या आसपास. बारा जणांना ती एका वेळेला लागते. म्हणून पालेभाजी कधी एकदम पेरायची नाही. दर आठ-दहा दिवसांनी दोन वाफे: एक मेथीचा, दुसरा आलटून-पालटून पालक, शेपू, चाकवत, आंबट चुका यांचा. मेथी २५ ते ३० दिवसांत खुडायला येते, कोथिंबीर ४० ते ४५. धने चपलेखाली रगडून दोन-दोन करा आणि रात्रभर भिजवून पेरा, नाहीतर उगवण विरळ होते.

पावसाळा वेलांचा. मृगाचा पाऊस पडला की मांडवावर कारली, दोडका, दुधी, काकडी. दुधीचे पाच-सहा वेल एवढ्या घरालाही पुष्कळ होतात. तांबडा भोपळा आणि कोहळा बांधावर सोडा, त्यांना मांडवाची जागा देऊ नका. फळमाशी लागली तर किडकी फळं त्याच दिवशी तोडून खोल पुरा. वेलावर किंवा वेलाखाली ठेवलेलं एक किडकं फळ पुढच्या सगळ्या फळांची वाट लावतं. भेंडीला पावसाळ्यात पांढरी माशी केवडा रोग आणते. परभणी क्रांती हे वाण त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, बी धरायलाही चांगलं.

वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं गादीवाफ्यावर चार-पाच आठवडे वाढवून मग लावायची. वांग्याची दहा-बारा झाडं चांगली राखली तर घराला आठवड्यातून दोनदा भाजी होते. सुकलेला शेंडा दिसला की तो अळीसकट खुडा, हे काम रोज सकाळी पाच मिनिटांचं आहे. टोमॅटोच्या ओळींत झेंडू लावा, मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना त्याने आळा बसतो आणि दसऱ्याला फुलं घरची होतात.

हरभरा लावत असाल तर त्याचे शेंडे पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी खुडा. फांद्या जास्त फुटतात आणि पाला हाती येतो. तो ओला खाऊन उरला की सावलीत वाळवायचा. वाळल्यावर हातानेच चुरला जातो. मे महिन्यात परसात हिरवं काही नसतं तेव्हा हाच पाला लसूण-मिरचीच्या फोडणीत, थोडं ज्वारीचं पीठ लावून शिजवला की भाकरीबरोबर कोणी दुसरं काही मागत नाही. मला साठवणीतल्या सगळ्या जिनसांत हा सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्याला वेगळी जमीन लागत नाही, वेगळं पाणी लागत नाही.

झाडांपैकी शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि पपई पहिल्याच वर्षी लावा. बाकी झाडं सवडीने.

बियाणं घरचं

संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी तसंच उतरत नाही, म्हणून बी धरायचं असेल तर सरळ किंवा गावठी वाण हवं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम करून दाखवलं. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वाल-घेवड्याचे कितीतरी वाण त्यांनी घरच्या बियाणे कोठीत राखले आहेत.

सुरुवात सोप्या पिकांपासून करा: वाल, चवळी, मेथी, टोमॅटो. यांचं परागीकरण फुलातल्या फुलातच बहुतेक होतं, त्यामुळे वाण सहसा बिघडत नाही. पहिली फळं खायला आणि शेवटची बियाला, ही सवय चुकीची आहे. जोमदार झाड हेरून त्याला चिंधी बांधा आणि त्याची मधल्या बहरातली फळं राखा. टोमॅटोचा गर दोन दिवस वाटीत आंबू द्या, म्हणजे बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. मग धुऊन सावलीत वाळवा. तांबडा भोपळा, काकडी, कारलं यांचं बी हवं असेल तर उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी मादी आणि नर फुलाची तोंडं दोऱ्याने बांधा, सकाळी हाताने पराग लावा आणि मादी फूल पुन्हा बांधून टाका. बी बाटलीत, तळाशी गोवरीची चाळलेली राख, वर चिठ्ठी: वाण आणि वर्ष.

कांदा आणि लसूण

खरिपाचा कांदा टिकत नाही, तो निघेल तसा खायचा. साठवणीला रब्बीचाच लागतो. एन-२-४-१ हे जुनं भरवशाचं वाण, राजगुरूनगरच्या संशोधन केंद्राचं भीमा किरणही टिकतं. रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकून डिसेंबर-जानेवारीत लागण करायची, एप्रिलमध्ये काढणी.

टिकाऊपणा काढणीच्या आधीच ठरतो. निम्म्या पाती माना टाकतात तेव्हा पाणी तोडा. काढलेला कांदा पातीसकट रानात तीन-चार दिवस पसरा, आणि तो असा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल. कांद्याला थेट ऊन लागू द्यायचं नाही. मग मानेला पीळ देऊन दोन-तीन सेंटिमीटर नाळ ठेवून पात कापा. नाळ अगदी बुडाशी कापली की तिथून बुरशी शिरते. त्यानंतर १० ते १५ दिवस सावलीत पातळ थरात सुकवा. माना आवळलेल्या, वरचा पापुद्रा हाताला कुरकुरीत लागतो, तो कांदा भरायचा. जाड मानेचे, जोड आणि डेंगळे (फुलांचे दांडे) आलेले कांदे वेगळे काढून आधी संपवा.

घरापुरती चाळ म्हणजे बांबूचा माच. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, खालून वारा खेळता, वर छप्पर. एकावर एक फूट-दीड फुटाचे दोन-तीन कप्पे केले तर निवडायला सोपं पडतं. एवढं करूनही पाच-सहा महिन्यांत तिसरा हिस्सा घटतो. काही वाळतो, काही सडतो, काहीला कोंब येतात. मे ते ऑक्टोबर खायला सव्वादोन क्विंटल लागत असेल तर साडेतीन भरा. दर आठवड्याला हात फिरवून सडका काढा. बटाट्याशेजारी कांदा ठेवू नका.

लसूण दसऱ्याच्या सुमारास लावून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचा. पातीसकट वाळवून जुड्या बांधून माजघरात वाशाला टांगा. तांबडा भोपळा आणि कोहळा पूर्ण पिकलेला, नखाने साल न खरवडणारा आणि देठासह काढला तर शिंक्यात टांगून चार महिने सहज राहतो.

धान्य आणि कडधान्य

सगळी गोष्ट पाण्याची आहे. धान्यात ओल १२ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी आणि कीड दोन्हींना आमंत्रण. दाणा दातांखाली कट्ट आवाज करून फुटला पाहिजे, दबला तर अजून ऊन द्या. शंका राहिली तर कोरड्या काचेच्या बाटलीत चमचाभर कोरडं मीठ आणि तिसरा हिस्सा भरेल एवढं धान्य घालून पाच मिनिटं हलवा. दहा-पंधरा मिनिटांनी मीठ काचेला चिकटलेलं दिसलं तर धान्य ओलं आहे.

वाळवलेलं धान्य तापलेलं असताना कोठीत भरू नका. रात्रभर पसरून निवू द्या आणि सकाळी दव नसेल तेव्हा भरा. गरम दाण्याचा दमट वाफारा आत अडकला तर पत्र्याच्या कोठीत तो थंड होऊन कडेला पाणी सुटतं. कोठी विटांवर किंवा लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. ज्वारी-गव्हात कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवूनच घाला. ओला पाला घालणं म्हणजे आपल्या हाताने ओल घालणं.

कडधान्याचा भुंगेरा बऱ्याचदा रानातूनच येतो. मादी शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी घालते आणि अळी दाण्याच्या आत वाढते, त्यामुळे भरताना काहीच दिसत नाही. महिन्याभराने डब्यात भोकं पडलेले दाणे आणि पीठ सापडतं. यावर तीन उपाय खात्रीचे.

पहिला, उन्हाची भट्टी. कोरडं झालेलं कडधान्य काळ्या प्लास्टिकवर बोटभर थरात पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने किंवा दगडांनी बंद करा. मार्च ते मेच्या उन्हात आत ६० अंशांच्या आसपास उष्णता होते आणि दुपारच्या दोन-तीन तासांत अंडी-अळ्या मरतात. निवल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, उघडं ठेवलं तर नवे भुंगेरे येऊन बसतील.

दुसरा, डाळ करणं. हा किडा अंडी घालायला अखंड दाणा शोधतो. तूर, हरभरा, मूग यांची डाळ करून ठेवली तर लागण फार कमी होते. मोडासाठी लागतील तेवढीच कडधान्यं अख्खी ठेवा.

तिसरा, राख किंवा एरंडेल. बियाण्याच्या वालाला-मुगाला चाळलेल्या राखेत पूर्ण गाडून ठेवायचं. खायच्या तांदळाला आणि डाळीला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल तळहाताने चोळायचं.

बाजारात मिळणाऱ्या धुरी देणाऱ्या विषारी गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, राहत्या घरात कधीही वापरू नका. ओलाव्याशी संबंध आला की त्यातून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही. घरात लहान मुलं असताना धान्याला कीड लागली तरी परवडेल, ही जोखीम नाही.

शेंगदाण्याबद्दलही एवढंच कळकळीने सांगते. शेंगा खुळखुळ वाजेपर्यंत वाळवा आणि टरफलासकट ठेवा. बुरशी आलेले, सुरकुतलेले, काळपट दाणे निवडून फेका. त्यातलं विष भाजूनही जात नाही. कूट करायचंच आहे म्हणून खराब दाणे त्यात ढकलायची सवय घराघरांत आहे, ती मोडा.

वाळवणाचा क्रम

होळी झाली की वाळवण सुरू आणि वळीव बरसू लागला की संपलं. मधल्या काळात कशाच्या पुढे काय, हे ठरवून घ्या. फेब्रुवारीअखेर ते मार्च बटाट्याचा कीस आणि वेफर्स, कारण नवा बटाटा तेव्हा स्वस्त असतो. मार्च-एप्रिलच्या खडखडीत उन्हात कुरडया आणि सांडगे. पापड आणि शेवया केव्हाही. मिरची आणि मसाला एप्रिलअखेर. आमसूल आणि लोणचं सगळ्यात शेवटी.

कुरडई सगळ्यात कष्टाची, म्हणून ती नीट सांगते. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज सकाळी पाणी बदलायचं. याचा अर्थ तुम्हाला सलग पाच-सहा कोरडे दिवस हवेत, तेव्हा हवामानाचा अंदाज बघूनच गहू भिजत घाला. आभाळ आलं आणि चीक तयार असला तर तो आंबून जातो, ठेवता येत नाही. चौथ्या दिवशी गहू धुऊन, पाणी घालून वाटायचा, हाताने पिळून चोथा काढायचा आणि चीक बारीक फडक्यातून दुसऱ्यांदा गाळायचा. इथे आळस केला तर कुरडई काळपट होते. रात्रभर ठेवला की चीक खाली बसतो, सकाळी वरची पिवळसर निवळ हलक्या हाताने ओतून टाकायची.

आता चिकाचं माप घ्या, तितकंच पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळा. त्यात मीठ, हिंग आणि पळीभर तेल. एकीने चीक धारेने सोडायचा, दुसरीने लाकडी काठीने सारखं ढवळायचं. हे काम एकटीने होत नाही, गुठळ्या धरतातच. चीक घट्ट होत जातो, पांढरेपणा जाऊन काचेसारखी चकाकी येते. मग झाकण ठेवून मंद आचेवर वाफ काढायची. ओल्या बोटाने दाबून बघा, बोटाला चिकटला नाही म्हणजे शिजला. कच्चा चीक असेल तर कुरडई वाळताना तुटते आणि तेलात फुलत नाही. गरम असतानाच सोऱ्यात भरून पाडायच्या, निवल्यावर सोऱ्या ओढत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उलटवायच्या, दोन-तीन कडक उन्हं द्यायची. उन्हं उतरल्यावर लगेच डब्यात न भरता रात्रभर घरात पसरून ठेवायच्या.

पापडाचं उलट आहे. उडदाचा पापड भर उन्हात टाकला की कडा वळतात आणि चिरा जातात. लाटल्यावर सावलीत सुकवायचा आणि शेवटी कोवळ्या उन्हाचा हात द्यायचा.

भाजी वाळवायची तर गवार, वांग्याच्या फोडी, कारल्याच्या चकत्या घ्या. गवार मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून काढली की रंग टिकतो आणि नंतर लवकर शिजते. मेथी, कढीपत्ता, पुदिना सावलीतच. टोमॅटो फेब्रुवारीत मातीमोल होतो तेव्हा चकत्या करून मीठ भुरभुरून वाळवा, आमटीत घालायला वर्षभर होतात.

तिखटाला माणशी अर्धा-पाऊण किलो सुकी मिरची लागते. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी किंवा लवंगी, प्रमाण घरच्या जिभेप्रमाणे. देठ काढून दोन उन्हं द्या आणि डंकावर कुटून आणा. कांदा-लसूण मसाल्यातला कांदा पूर्ण तळून कोरडा झाला नसेल तर तो मसाला पावसाळ्यात बुरशीच्या वाटेला लागतो.

मीठ, तेल आणि आंबट

कैरीच्या लोणच्याला कैरी घट्ट, आंबट आणि कोय धरलेली हवी. एक किलो फोडींना २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ७५ ग्रॅम तिखट, २५ ग्रॅम हळद, १० ग्रॅम मेथी, १० ग्रॅम हिंग आणि ३०० ते ४०० मिली तेल. हल्ली मीठ कमी करायचा आग्रह असतो. तो ताटात पाळा, खायची फोड लहान घ्या. बरणीतलं मीठ कमी केलं तर लोणचं टिकणार नाही, कारण फोडीतलं पाणी बांधून ठेवतं ते मीठच.

कैऱ्या धुऊन पुसून अडकित्त्याने फोडा. हळद आणि निम्मं मीठ लावून रात्रभर ठेवा. सुटलेला खार बाजूला काढा, फोडी स्वच्छ फडक्यावर दोन-तीन तास सावलीत पसरा. मसाला त्या खारात कालवून फोडींना चोळा. बरणी धुऊन, उन्हात तापवून, हिंगाची धुरी देऊन मग भरायची. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून तिसऱ्या दिवशी ओता. तेल फोडींच्या वर बोटभर आलंच पाहिजे. तोंडाला दादरा बांधा. पहिला आठवडा रोज कोरड्या लाकडी चमच्याने खालवर करा. मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडायची, रोजच्यासाठी छोटी सट वेगळी. लोणच्यावर बुरशी आलीच तर वरची काढून खालचं खाऊ नका, सगळं टाका.

आमसुलाला पिकलेले लालभडक रातांबे घ्या. फोडून बिया आणि गर वेगळा करा, सालं उन्हात टाका. गराच्या रसात मीठ घालून ठेवा आणि वाळलेली सालं रोज त्या रसात बुडवून पुन्हा वाळवा. असे पाच-सहा पुट दिले की आमसूल मऊ, काळसर आणि चवीला भरलेलं होतं. एकदाच वाळवलेली सालं बाजारात स्वस्त मिळतात, आमटीत टाकल्यावर फरक कळतो.

बाटल्यांत भाजी भरून उकळायची पद्धत परदेशी व्हिडिओंमुळे आपल्याकडे येऊ लागली आहे. आंबट पदार्थांना, म्हणजे मुरंबा, साखरांबा, लिंबाच्या रसाची जोड दिलेला टोमॅटो यांना ती चालते. मटार, बीन्स, मका, बटाटा, मांस यांना साध्या उकळीने ती चालत नाही. आम्लता कमी असलेल्या हवाबंद बाटलीत बोटुलिझमचे जिवाणू वाढतात, त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत आणि विषाला वास-चव काही नसते. त्यासाठी खास दाबाचं यंत्र लागतं, घरचा कुकर त्या कामाचा नाही. कच्चा लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवणंही याच कारणाने टाळा. आपल्याकडे एवढं ऊन आहे, वाळवणाला धोका नाही आणि वीजही लागत नाही.

कोण काय करणार

मोठं कुटुंब असलं की हात पुष्कळ असतात, पण वाटणी झाली नाही तर सगळं दोघी-तिघींच्या अंगावर पडतं. बेगमीचा सगळा भार बायकांच्या पाठीवर टाकून तिला परंपरा म्हणू नये. आमच्याकडे गुढीपाडव्याला वहीत नावं लिहिली जातात. धान्य वाळवणं, चाळणं, कोठ्या उचलणं आणि डंकावर जाणं भावांकडे. चिकाची काठी ढवळायला जोर लागतो, तीही त्यांच्याकडेच. वाळवण राखणं आणि उलटवणं मुलांकडे, त्यांना ओल्या कुरडईचा आणि चिकाचा हिस्सा आधी मिळतो. निवडणं, लसूण सोलणं, पापड मोजणं बसून होतं, ते सासू-सासऱ्यांकडे. मीठ-मसाल्याचं माप मात्र एकाच माणसाकडे ठेवा. बरणीत तिघींनी आपापल्या अंदाजाने मीठ घातलं की चव आणि टिकणं दोन्ही जातं.

प्रत्येक डब्यावर जिन्नस, भरल्याची तारीख आणि वजन लिहा. वहीच्या मागच्या पानावर काय कधी संपलं ते. आपल्या घराचा खरा आकडा दोन वर्षांत याच पानावर मिळतो.

जून ते सप्टेंबर साठवणीच्या परीक्षेचे महिने. उघडीप मिळाली की पापड-कुरडयांचे डबे उघडून हुंगा, कुबट वास आला तर लगेच ऊन द्या आणि ऊन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर शेकून घ्या. गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घाला, आत ऊब लागली तर कीड किंवा ओल लागली आहे, कोठी त्याच दिवशी रिकामी करा. लोणच्याच्या बरणीत तेल खाली गेलं असेल तर तापवून गार केलेलं ओता. कांद्याचे कप्पे श्रावणात दोनदा निवडा, दमट हवेत सड एका कांद्यावरून दुसऱ्यावर भराभर जाते. ऑक्टोबर उजाडला की उरलेल्यातले घट्ट, मध्यम आकाराचे, कोंब न फुटलेले शंभर-दीडशे कांदे वेगळे काढा. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा लावले की डेंगळे येतात, फुलं धरतात आणि पुढच्या रोपवाटिकेचं बी एप्रिल-मेमध्ये घरचं मिळतं.